मागच्या डाव्या दाराची तक्रार

देवाला जाताना गाडी धुऊन घ्यावी, यात वावगं काही नाही. मन्मथप्पांनी तेवढंच केलं होतं. गाडी घेऊन दोन महिने झाले होते, पण कपिलधारला न्यायची ती श्रावणी सोमवारीच, असा त्यांचा हट्ट होता. यंदा श्रावण उजाडला तरी आभाळातून थेंब पडला नव्हता, त्यामुळं गाडीवर वडवणी ते बीड अशी सगळी धूळ बसलेली. मांजरसुंब्याला वॉशिंग सेंटर दिसलं तसं त्यांनी रामहरीला गाडी वळवायला सांगितलं. हा रामहरी एरवी काळीपिवळी जीप चालवायचा आणि मन्मथप्पांना कुठं जायचं असलं की त्यांची गाडी चालवायचा. धुणाऱ्यानं पाईप उचलला. रामहरी आणि मन्मथप्पांच्या बायको नीलाबाई खाली उतरले. मन्मथप्पा मात्र मागच्या सीटवर डावीकडं काचा लावून बसून राहिले. मालकानं उतरावं कशाला, हा एक विचार. दुसरं म्हणजे आत एसी होता.

बसल्या जागी गार लागत होतं. ते एसीचंच असणार अशी त्यांची समजूत झाली आणि कंपनीबद्दल थोडं कौतुकही वाटलं.

कपिलधारला किल्लेधारूरचे पाहुणे वाट बघत उभे होते. श्रीशैलसाठी, म्हणजे मन्मथप्पांच्या एकुलत्या एका मुलासाठी, त्यांच्या मुलीचं स्थळ होतं. सगळं जमल्यात जमा होतं. श्रीशैल पुण्याकडच्या कारखान्यात दिवाळीपर्यंत पर्मनंट झाला की सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं. मन्मथप्पा गाडीतून ऐटीत उतरले, नमस्कार केला आणि मन्मथस्वामींच्या समाधीकडं वळून हात जोडले. वळले म्हणजे पाठ पाहुण्यांकडं आली. पायजमा पांढरा आणि मागून चिंब. नीलाबाईंनी धावत जाऊन पदर आडवा धरला, पण पदर असून असून केवढा असणार!

मुलीचे वडील समजूतदार होते. तेच तर वाईट झालं. त्यांनी मन्मथप्पांना बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, "अप्पा, लाजायचं काय कारण न्हाई. आमच्या थोरल्या भावालाबी पैल्यांदा असंच झालतं. अंबाजोगाईला एक चांगला डॉक्टर हाय." आणि डॉक्टरांचा नंबर दिला. मन्मथप्पा त्यांना गाडीकडं ओढत नेऊन ओली सीट दाखवू लागले. त्यावर सोयऱ्यांनी अशी मान हलवली की मन्मथप्पांना वाटलं, आत्ताच्या आत्ता घाटातून उडी टाकावी.

आता ही गाडी कुठली, तर श्रीशैलच्याच कंपनीची. कंपनीचं नाव इथं घेत नाही. तिच्याकडं वकील पुष्कळ आहेत आणि आपल्याकडं एकटे अर्जुनराव, ते पुढं येतीलच. मन्मथप्पांचं वडवणीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान. धान्य घेतलं तर ओळखीच्या शेतातलं, एसटीत बसले तर ओळखीचा कंडक्टर बघून, अशी त्यांची रीत. मग गाडी अशीच शोरूममधली, कुणाच्याही हातची कशी चालेल? त्यांनी श्रीशैलला सांगितलं, तू तिथंच हायस तर तुझ्या नजरेखालची गाडी दे. श्रीशैलनं पंधरा दिवसांनी फोनवर एक लांबलचक नंबर सांगितला आणि म्हणाला, हाच चेसिस नंबर मागून घ्या अप्पा, दुसरी घेऊ नका. मन्मथप्पांनी बीडच्या शोरूमला ठाण मांडून तीच गाडी मिळवली. पोरगा क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, त्यानं तपासूनच नंबर दिला असणार, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते बीडला सर्व्हिस सेंटरवर गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, कॉफी पाजली आणि पाणी येत नाही असं सांगितलं. मन्मथप्पा म्हणाले, बघितल्याबिगर कसं सांगता? साहेब म्हणाले, ठीक, बघू. त्यांच्या नियमात पाणी मारताना आत कर्मचारी बसवत नाहीत, ग्राहक बसला तर हरकत नसते. मन्मथप्पा पुन्हा त्याच जागी बसले, बाहेरून पाईप सुरू झाला आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून धार सुटली ती थेट त्यांच्या मांडीवर. भिजल्या अंगानं ते खाली उतरले आणि हात दोन्हीकडं पसरून उभे राहिले. साहेबांनी निरखून पाहिलं आणि कागदावर लिहिलं: ग्राहकाच्या कपड्यांना ओलावा आढळला.

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं एम-सील लावा, कुणी म्हणालं त्या सीटवर बारदान टाका, आणि समोरचा चहावाला म्हणाला कोथिंबीर लावा, सावलीतली चांगली येती. रामहरीचा सल्ला सगळ्यांत साधा होता. उजवीकडं बसा. पण मन्मथप्पांना पाण्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना तो डॉक्टरांचा नंबर टोचत होता.

तेव्हा अर्जुनराव पुढं झाले. अर्जुनराव शेजारचेच, तालुका कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीपासून त्यांच्या हाताला काम नव्हतं आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज फायलीला लावलेल्या माणसाला स्वतःचा एक अर्ज लिहायची केवढी भूक असते, हे ज्याचं त्यालाच माहीत. चार दिवस बसून त्यांनी अकरा पानं केली. त्यात कंपनीची सचोटी, ग्राहकाचा विश्वास, कपिलधारचं पावित्र्य, पायजम्याचं कापड, सगळं क्रमांक देऊन आलं. श्रीशैलला मात्र यातलं अक्षर कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. उद्या कुणी म्हणायला नको की पोरानं आतून वशिला लावला. पोराच्या नोकरीला धक्का नको, म्हणून ही खबरदारी. मन्मथप्पांना ते लई पटलं.

"आता मागणी," अर्जुनराव म्हणाले. "मागणी न्हाई तर अर्ज म्हंजे नुसतं गाऱ्हाणं. तुमाला नेमकं काय पायजे ते सांगा."

मन्मथप्पा विचारात पडले. त्यांच्या दुकानात एखादी घागर गळकी निघाली तर ते गिऱ्हाइकाला बदलून द्यायचे आणि गळकी घागर कारखानदाराकडं परत पाठवताना वर चिठ्ठी अडकवायचे, कारागिराला समज द्या. तीस वर्षांत अशा किती चिठ्ठ्या गेल्या असतील. त्या कारागिरांचं पुढं काय होतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, विचारायचं असतं हेही कधी डोक्यात आलं नव्हतं. ते म्हणाले, दार तर दुरुस्त व्हावंच, पण ज्याच्या हातून हे झालं त्याचा शोध लागला पायजे. अर्जुनरावांनी ते कोर्टाच्या भाषेत उतरवलं: सदर दोषास जबाबदार इसमाचा शोध घेऊन त्याचेवर कठोर कारवाई करण्यात यावी. हे वाक्य त्यांना एवढं आवडलं की त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं.

आणि काय सांगावं, कंपनी हलली! आठव्या दिवशी वैष्णवी नावाच्या मुलीचा फोन आला. ती कंपनीच्या ग्राहक सेवेतून बोलत होती आणि इतकं गोड बोलत होती की मन्मथप्पा फोन कानाला लावून उभे राहिले. तिनं अकराच्या अकरा पानं वाचली होती. कंपनीसाठी सचोटी सगळ्यात वर आहे, असं ती म्हणाली. त्यानंतरच्या आठवड्यात पुण्याकडून दोन अधिकारी खास वडवणीला आले. आठवडी बाजाराचा दिवस. गाडीभोवती गर्दी जमली. त्यांनी मागच्या डाव्या दाराचं रबर ओढून काढलं, पट्टीनं मोजलं, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या एका बारीक कागदाचा फोटो घेतला, चहा प्याले आणि गेले. आपल्या दारात कंपनी आली, या आनंदात मन्मथप्पांनी त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांना घासाघीस न करता भांडी दिली.

त्या संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. त्यांनी श्रीशैलला फोन करून सगळं सांगितलं. श्रीशैल ऐकत होता. मग त्यानं एवढंच विचारलं, "दार कोणतं, अप्पा?"

"मागचं डावं."

पलीकडं कारखान्याची घरघर ऐकू येत होती. आपला आवाज पोचला नाही असं समजून मन्मथप्पांनी दोनदा हॅलो केलं. श्रीशैल म्हणाला, तक्रार करायच्या आधी मला एकदा सांगायचं व्हतं. यावर मन्मथप्पांनी त्याला सचोटी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. घरचा म्हणून गप बसणं, ही लबाडी झाली. माल विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची भीती वाटली पाहिजे. बरंच बोलले. श्रीशैल बरं म्हणाला.

कंपनीचं पत्र आलं ते जाड, गुळगुळीत कागदावर. आपली तक्रार खरी आढळली. दोषाची जबाबदारी निश्चित करण्यात आली असून संबंधित कामगारास कामावरून दूर करण्यात आलं आहे. नवं रबर विनामूल्य पाठवत आहोत. आपल्यासारख्या जागरूक ग्राहकांमुळंच आम्ही सचोटीच्या मार्गावर राहतो. अर्जुनरावांनी पेढे वाटले. पत्र फ्रेम करून दुकानात टोपांच्या रांगेवर लावलं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपलं ऐकलं, असं मन्मथप्पांना वाटलं, आणि ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बीडच्या एसटीतून श्रीशैल उतरला. वळकटी खांद्यावर, हातात कारखान्याचे बूट. सरळ दुकानात आला. फ्रेमकडं बघून थांबला. सगळं वाचलं.

"सुट्टी हाय का?" मन्मथप्पांनी विचारलं.

"त्यो कामगार मीच हाय, अप्पा."

मन्मथप्पांना काही उमजेना. ते म्हणाले, तू तर क्वालिटीत हायस. श्रीशैल बूट खाली ठेवून गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला आणि सांगू लागला. तो कधीच क्वालिटीत नव्हता. अप्पांनी तसं ठरवलं, त्यानं नाही म्हटलं नाही, एवढंच. तीन वर्षं तो ठेकेदाराच्या कागदावर होता. मागच्या डाव्या दाराला रबर बसवायचं, पाळीत तीनशे दारं. दिवाळीला पर्मनंट करू असं साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. घरच्या गाडीचं दार आपल्या हातून जावं म्हणून त्यानं मुद्दाम आपल्या पाळीतल्या गाडीचा नंबर दिला होता.

"आपली गाडी यायची म्हणून मी त्या दिवशी चहाला गेलो न्हाई," तो म्हणाला. "पण रबर दोन बोटं आखूड आलतं. मी सायबाला दाखवलं. साहेब म्हनला, ताण आन बसव, तुझ्यासाठी लाइन थांबवू का? ताणून बसवलं. ताणलेलं रबर दोन महिन्यात आखडतं आन कोपरा उघडा पडतो. त्या दिवशीच्या सगळ्याच गाड्यांचा पडला असंल. तक्रार फक्त आपली आली."

बाजूला नीलाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. डबा ठेवून म्हणाल्या, "अवो, अकरा पानं लिवली. त्यात एकदा पोराला इचारायला काय झालतं?" आणि घरी गेल्या. त्यानंतर आठ दिवस त्या मन्मथप्पांशी कामापुरतंच बोलल्या.

फ्रेम उतरवली. पण तक्रार काही उतरेना. ती मागं घ्यायची सोयच कंपनीनं ठेवली नव्हती. मोबाईलवर दोनच चौकोन यायचे, समाधानी आणि असमाधानी. मन्मथप्पांनी वैष्णवीला फोन लावला. समाधानी म्हटलं तर कारवाई मान्य आहे असा अर्थ होतो, असं तिनं सांगितलं. मग असमाधानी? तर प्रकरण वर जाईल आणि कारवाई आणखी कडक होईल.

"बाई, ज्याला काढलं त्यो माझा मुलगा हाय," मन्मथप्पा म्हणाले.

वैष्णवी गोडच बोलत होती. ग्राहकाचा नातेवाईक म्हणून कुणाला सूट देणं कंपनीच्या सचोटीत बसत नाही, असं ती म्हणाली. मन्मथप्पांनी विचारलं, मग आखूड रबर पाठवणाऱ्याचं काय, ताण म्हणणाऱ्या साहेबाचं काय? ती म्हणाली, दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर सही बसवणाऱ्याची असते सर. शिवाय ते कंपनीचे कामगार नव्हतेच, ठेकेदाराचे होते. कंपनीनं आपल्या एकाही कामगाराला काढलेलं नाही. दार गळालं तेव्हा पोरगं कंपनीचं होतं आणि काढलं तेव्हा ठेकेदाराचं. हा हिशेब मन्मथप्पांना तीस वर्षं दुकान चालवूनही जमला नसता.

अर्जुनराव लाजेनं चार दिवस अंगणात आले नव्हते. मग आले ते चौदा पानं घेऊनच. या खेपेला कामगाराच्या बाजूनं. तो अर्ज घेऊन दोघं बीडच्या कामगार कार्यालयात गेले. तिथं कळलं की कारखाना या जिल्ह्यात नाही, पुण्याला जा. पुण्याला फोन केला तर ठेकेदाराची नोंदणी भलत्याच राज्यात निघाली. तिथल्या कार्यालयात कुणी फोन उचलला नाही. उचलला असता तरी अर्जुनरावांची भाषा तिथं कुणाला कळली नसती. परतीच्या वाटेवर अर्जुनराव म्हणाले, "अप्पा, ते कठोर कारवाईचं वाक्य माझं व्हतं." मन्मथप्पा म्हणाले, मागणी माझी व्हती. किल्लेधारूरहूनही त्याच आठवड्यात निरोप आला. मुलीला अजून शिकायचं आहे म्हणे. मन्मथप्पांना मुलीच्या वडिलांचा राग आला नाही. आपणही हेच केलं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नव्या रबराचं पार्सल आलं. सोबत सर्व्हिस सेंटरला जाऊन मोफत बसवून घ्यावं, असं पत्र होतं. श्रीशैलनं पार्सल फोडलं, रबर वितीनं मोजून बघितलं. पूर्ण लांबीचं होतं. तो अंगणात गाडीजवळ बसला आणि कोपऱ्यापासून अंगठ्यानं दाबत दाबत रबर बसवू लागला. मन्मथप्पा ओट्यावरून बघत होते. पोराचं काम त्यांनी प्रथमच पाहिलं. त्याचे दोन्ही अंगठे पुढून चपटे झाले होते, हेही त्यांना त्याच दिवशी दिसलं. रामहरीनं वरून बादलीवर बादली ओतली. आत थेंब आला नाही.

तेवढ्यात मन्मथप्पांचा फोन वाजला. वैष्णवी. तक्रार बंद करण्याआधी कंपनीच्या सचोटीबद्दल ग्राहकाचं मत नोंदवायचं होतं. दोनच प्रश्न, एक ते पाच स्टार. ओट्यावर बसलेले अर्जुनराव सावरून बसले. याच फोनची दोघं वाट बघत होते. आता मन्मथप्पांच्या हातात तेवढंच उरलं होतं. शून्य देता येत नाही हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून एक द्यायचा ठरला होता.

"पहिला प्रश्न, सर. कंपनी ग्राहकांशी सचोटीनं वागते का?"

मन्मथप्पांनी अंगणातल्या कोरड्या सीटकडं पाहिलं. खोटं कशाला बोला? ते म्हणाले पाच.

"दुसरा प्रश्न. कंपनी कामगारांशी सचोटीनं वागते का?"

मन्मथप्पांनी घसा खाकरला. फोन स्पीकरवर होता. श्रीशैल फडक्याला हात पुसत ओट्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पाच द्या, अप्पा."

मन्मथप्पांनी फोनवर तळवा धरला. "येडा झालास का बे तू?"

"एक दिला तर त्यो कंपनीला लागत न्हाई. तिच्या नावावर लागतो. आमच्या खोलीतल्या एकाची बायकू हेच काम करायची. महिन्यात तीनदा एक आला, तर उद्यापसून येऊ नको म्हनले तिला."

अर्जुनराव जमिनीकडं बघू लागले. मन्मथप्पांनी तळवा काढला.

"बाई, एक इचारतो. तुमी कंपनीच्या का ठेकेदाराच्या?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच वैष्णवीच्या बोलण्यातला गोडवा गेला. आवाज साधा होता, कुण्या घरातल्या मुलीसारखा. "सर, हा प्रश्न माझ्या यादीत नाहीये. एक ते पाच सांगा ना, सर."

मन्मथप्पांनी डोळे मिटले. "पाच," ते म्हणाले.

ती धन्यवाद म्हणाली, दोनदा म्हणाली. मग यादीप्रमाणं तिनं वाचून दाखवलं की वडवणीचे ग्राहक मन्मथप्पा यांच्या मते कंपनी आपल्या कामगारांशी पूर्ण सचोटीनं वागते, अशी नोंद झाली आहे, आणि हे बरोबर आहे का असं विचारलं. मन्मथप्पा हो म्हणाले.